मुंबई ते नागपूर विमानाने: अंतर कसं काढायचं आणि घरापासून घरापर्यंतचा वेळ कसा धरायचा

माझी आई नागपूरला धरमपेठेत राहते, मी डोंबिवलीत. पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं तेव्हा मी तिला फोनवर सांगितलं होतं, "दीड तासाचं विमान आहे, चारला सुटतंय." ती म्हणाली, "म्हणजे साडेपाचला घरी येऊन राहिला तू." तिने साडेपाचला चहाचं आधण ठेवलं. विमान पाऊण तास उशिरा सुटलं, बॅग यायला वेळ लागला, आणि मी सव्वासातला दारात उभा राहिलो तोवर तिचा जीव टांगणीला लागला होता. तेव्हापासून हा हिशोब मी नीट करतो. तो करायची पद्धत इथे मुंबई–नागपूरच्या उदाहरणाने लिहितो; शहरं बदलली तरी पायऱ्या त्याच.

मुळात तीन वेगवेगळे आकडे आहेत आणि आपण ते एकमेकांत मिसळतो. एक, दोन विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर. दोन, तिकिटावर छापलेला वेळ. तीन, आपण घराला कुलूप लावल्यापासून पलीकडच्या घराची बेल वाजवेपर्यंतचा वेळ. पहिला भूगोलाचा, दुसरा विमान कंपनीचा, तिसरा आपला. आईला सांगायचा तो तिसरा.

आधी दोन टोकं पक्की करा

मुंबई–नागपूर अंतर किती, असं विचारलं तर तीन माणसं तीन उत्तरं देतील आणि तिघंही खरं बोलत असतील. रेल्वेने सीएसएमटी ते नागपूर स्टेशन सुमारे ८३७ किलोमीटर, कारण गाडी भुसावळवरून वळसा घेते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, पण तो मुंबईत सुरू होत नाही, भिवंडी तालुक्यातल्या आमण्याला सुरू होतो. आणि हवाई अंतर सुमारे ६८३ किलोमीटर, तेही सांताक्रूझ-सहारच्या विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत. तेव्हा अंतर विचारण्याआधी कुठून कुठे, ते ठरवा.

मुंबईच्या बाबतीत हे आता जास्तच महत्त्वाचं झालंय. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. तिकिटावर शहराचं नाव वाचून थांबू नका, तीन अक्षरी कोड बघा. सहारचा कोड बीओएम (जुन्या बॉम्बेवरून), नवी मुंबईचा एनएमआय, नागपूरचा एनएजी. बीओएम असेल तर टर्मिनल एक की दोन, तेही बघा. दोन्ही टर्मिनलं एकाच विमानतळाची असली तरी प्रवाशाला एकातून दुसऱ्यात जायला बाहेरच्या रस्त्याने जावं लागतं.

अंतर हाताने काढून बघा

इंटरनेटवर आकडा मिळतो, मान्य. पण एकदा स्वतः काढून बघितलं की चुकीचा आकडा समोर आला तर लगेच ओळखू येतो. शाळेतलं पायथागोरस पुरतं.

विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्या. प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला संदर्भबिंदू असतो, साधारण धावपट्ट्यांच्या मध्यावर. नकाशावर तिथे बोट ठेवलं की आकडे मिळतात. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. नागपूर २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व.

एक सापळा इथे आहे. काही ठिकाणी हेच आकडे अंश-मिनिटांत दिलेले असतात. नागपूरचा रेखांश ७९ अंश ३ मिनिटं म्हणजे ७९.०३ नव्हे, ३ ला ६० ने भागायचं, मग येतात ७९.०५. मिनिटं चाळीस-पन्नास असतील तर ही चूक कित्येक किलोमीटरांची होते.

आता वजाबाकी. अक्षांशांतला फरक २.०० अंश. रेखांशांतला फरक ६.१८ अंश. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात, म्हणून हा फरक आहे तसा धरता येत नाही. दोन्ही शहरांच्या मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे २०.०९ अंशांच्या, कोसाइनने त्याला गुणायचं. ती किंमत ०.९३९. गुणाकार आला ५.८०.

दोघांचे वर्ग करा: ४.०० आणि ३३.६४. बेरीज ३७.६४, वर्गमूळ सुमारे ६.१३५. पृथ्वीवर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर. गुणलं की ६८२. पृथ्वी थोडी चपटी आहे ते लक्षात घेऊन संगणक काढतो तो आकडा ६८३ च्या आसपास येतो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम.

पडताळून बघायचं तर संगणकावर गूगल मॅप्स उघडा, एका विमानतळावर उजवं क्लिक करून अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्यावर क्लिक करा. ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर नुसते दोन कोड टाकले तरी चालतं. मात्र आकड्याचं एकक बघा. हेच अंतर साध्या मैलांत ४२४ आणि सागरी मैलांत ३६९ होतं. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, आणि वैमानिक बोलतो तो सागरी.

आता हेच गणित नवी मुंबईसाठी केलं (१८.९९ उत्तर, ७३.०७ पूर्व) तर उत्तर येतं सुमारे ६६७. म्हणजे सहारपेक्षा १६ किलोमीटर कमी. हवेत हे १६ किलोमीटर सव्वा मिनिटात संपतात. पण पनवेलला राहणाऱ्याचा किंवा अंधेरीला राहणाऱ्याचा विमानतळ बदलला तर जमिनीवर तास-दीड तासाचा फरक पडतो. विमानतळ निवडताना हवाई अंतराकडे न बघता घरापासूनच्या रस्त्याकडे बघा, असं मी म्हणतो ते यामुळे.

पल्ला लांबचा असेल तर पायथागोरस सोडा

हीच रीत मुंबई–लंडनला लावून बघितली. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. उत्तर आलं सुमारे ७,५६८ किलोमीटर. खरं अंतर ७,२१० च्या जवळपास. साडेतीनशे किलोमीटरची चूक! कारण सोपं आहे: आपण गोल पृथ्वीला सपाट कागद मानलं. सहाशे-सातशे किलोमीटरपर्यंत ते खपतं, हजारो किलोमीटरला नाही.

लांबच्या पल्ल्यासाठी दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार घ्या. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार घ्या. दोन्ही गुणाकारांची बेरीज करा. ज्या कोनाचा कोसाइन ही बेरीज आहे, तो कोन काढून १११.२ ने गुणा. मुंबई–लंडनसाठी पहिला गुणाकार ०.२५६, दुसरा ०.१६९, बेरीज ०.४२५, कोन सुमारे ६४.९ अंश. (हीथ्रो शून्य रेखांशाच्या पश्चिमेला आहे, म्हणून तिथे रेखांशांची वजाबाकी न करता बेरीज करायची. हे विसरलं तर अंतर कमी येतं.)

अंतरावरून हवेतला वेळ

आता लोक काय करतात? ६८३ ला ताशी ८३० ने भागतात आणि पन्नास मिनिटं म्हणतात. मग तिकिटावर दीड तासाहून जास्त वेळ दिसला की कंपनी वेळ वाढवून सांगते असं वाटतं. कंपनी थोडा वाढवते, ते पुढे सांगतो. पण बराचसा वेळ खराच लागतो.

एक तर विमान सरळ रेषेत जात नाही. मुंबईत बहुतेक वेळा वारा समुद्राकडून येतो आणि उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर करायचं असतं. त्यामुळे नागपूरला, म्हणजे पूर्वेला, जाणारं विमानही बहुतेक वेळा आधी पश्चिमेला समुद्रावर झेपावतं आणि मग वळून परत येतं. खिडकीतून अरबी समुद्र दिसला तर दचकू नका. पुढे ठरलेले हवाई मार्ग आहेत, उतरताना धावपट्टीच्या रेषेत यायला वळण आहे. असे चाळीसेक किलोमीटर वाढतात. मी ७२० धरतो.

दुसरं म्हणजे ताशी ८३० चा वेग फक्त मधल्या टप्प्यात असतो. एअरबस ए३२० सारखं विमान ३३-३५ हजार फुटांवर चढायला वीस-बावीस मिनिटं घेतं आणि तेवढ्यात १९० किलोमीटरच्या आसपास कापतं. उतरण्याचा वैमानिकांचा साधा ठोकताळा असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल. ३५ हजार फुटांवरून उतरायचं तर १०५ सागरी मैल, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटर आधीच उतरायला सुरुवात. त्याला पंचवीस ते अठ्ठावीस मिनिटं. ७२० मधून ही दोन्ही टोकं वजा केली तर पूर्ण वेगाने उडायला उरतात जेमतेम ३३५ किलोमीटर, म्हणजे चोवीस-पंचवीस मिनिटं. सगळं मिळून हवेत साधारण एक तास बारा-पंधरा मिनिटं.

कोणत्याही देशांतर्गत जेट विमानासाठी म्हणून माझा ठोकताळा असा: अंतरात ४० किलोमीटर मिळवा, ८३० ने भागा, आणि चढ-उताराचे वीसेक मिनिटं वर टाका. मुंबई–दिल्ली सुमारे ११४० किलोमीटर. या हिशोबाने हवेत एक तास पंचेचाळीसच्या आसपास. लहान विमानतळांवर येणारं पंख्यांचं एटीआर विमान असेल तर वेग ताशी ५०० धरा, त्याचा हिशोबच वेगळा.

वाऱ्याचाही भाग आहे. हिवाळ्यात आपल्याकडे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, म्हणून डिसेंबरात नागपूरला जाताना विमान लवकर पोचतं आणि परत येताना काही मिनिटं जास्त लागतात. पावसाळ्यात उंचावरचा वारा उलटा, पूर्वेकडून पश्चिमेला. मुंबई–नागपूरला हा फरक पाच-दहा मिनिटांचा. मुंबई–लंडनला तो तासाच्या घरात जातो: जाताना साडेनऊ ते दहा तास, येताना साडेआठ-नऊ.

वैमानिक उंची सांगतो ती कान देऊन ऐका. पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजारांवर उडतात, ३३, ३५ हजार फूट. पश्चिमेकडे येणारी सम हजारांवर, ३४, ३६. समोरासमोरची विमानं एका उंचीवर येऊ नयेत म्हणून हा नियम. माझ्या मुलीला हे सांगितल्यापासून ती दर प्रवासात तपासते.

तिकिटावरचा वेळ नेमका कुठून कुठे

तिकिटावरची सुटण्याची वेळ ही उड्डाणाची नसते. विमान जागेवरून मागे ढकललं जातं ती वेळ असते. पोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकण्याची नव्हे, विमान जागेवर उभं राहण्याची. या दोघांमधल्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत धावपट्टीपर्यंत सरकत जायला आणि रांगेत थांबायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हीवरून एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. नागपूरला उतरल्यावर मात्र पाच मिनिटांत विमान जागेवर. म्हणून हवेतला सव्वा तास तिकिटावर दीड तास ते एक तास चाळीस मिनिटं होतो. उलट दिशेला मुंबईवर घिरट्या घालाव्या लागण्याची शक्यता धरून कंपन्या थोडी जास्त वेळ लावतात.

छापील वेळ किती खरी, हे बघायला फ्लाइटरडार२४ वर आपल्या विमानाचा क्रमांक टाका. गेल्या काही दिवसांत ते खरोखर कधी उडालं, कधी टेकलं, सगळं दिसतं. मी तिकीट काढण्याआधी हे बघतो. संध्याकाळचं एखादं विमान रोजच चाळीस मिनिटं उशिरा असेल तर ती वेळ मनात आधीच चाळीस मिनिटं पुढे ढकलतो. उशीर दिवसभर साचत जातो, कारण तेच विमान सकाळपासून चार-पाच फेऱ्या करून आलेलं असतं. आईचं ऑपरेशन होतं तेव्हा मी पहाटेचं पहिलं विमान घेतलं. महत्त्वाच्या कामाला जायचं असेल तर तुम्हीही तेच घ्या.

दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेक दिवस मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी काही तास बंद ठेवतात. तारीख आधीच जाहीर होते. मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारचं तिकीट काढणार असाल तर तेवढं बघून घ्या.

घरापासून घरापर्यंत

माझा हिशोब असा. डोंबिवलीहून जलद लोकल पकडून घाटकोपर, तिथून मेट्रो एकने मरोळ नाका, तिथे मेट्रो तीन पकडली की पुढचंच स्टेशन टर्मिनल दोन. चालणं, जिने, तपासणी धरून पावणेदोन तास. टॅक्सी कधी यापेक्षा लवकर पोचवते, कधी अर्धा तास एकाच सिग्नलला उभी करते; विमान गाठायचं असतं तेव्हा मला लोकल-मेट्रोच भरवशाची वाटते. बॅगा दोनपेक्षा जास्त असतील किंवा सोबत वयस्कर माणूस असेल तर मात्र टॅक्सीच करा आणि तास वाढवून धरा.

विमानतळावर दोन तास आधी. देशांतर्गत विमानांसाठी बॅग घेण्याचा काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याआधी एक तास बंद करतात आणि बोर्डिंग गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. बॅग हातातलीच असेल आणि वेब चेक-इन झालं असेल तर दीड तासही पुरतो. मी पुरवत नाही, सुट्टीच्या दिवशी सुरक्षा तपासणीची रांग कुठवर जाईल याचा नेम नसतो.

नागपूरला विमानातून उतरून बॅग पट्ट्यावरून घेऊन बाहेर यायला पंचवीस मिनिटं. सोनेगावहून धरमपेठ अर्धा तास. विमानतळ वर्धा रोडलाच असल्याने नागपूरचा हा भाग सुखाचा आहे.

बेरीज (तास.मिनिटं अशी): १.४५ अधिक २.०० अधिक १.३५ अधिक ०.२५ अधिक ०.३०. सव्वासहा तास. ६८३ किलोमीटरला सव्वासहा तास म्हणजे ताशी सुमारे ११० किलोमीटर. समृद्धीवर गाडीला १२० ची मर्यादा आहे, यावरून ओळखा. तरीही समृद्धीने आमण्यापर्यंत पोचणं, जेवण, दोन-तीन थांबे धरले तर साडेआठ-नऊ तास होतात, आणि गाडी स्वतः चालवायची. विदर्भ एक्सप्रेस कल्याणला रात्री पकडली की सकाळी नागपूर. तास जास्त, पण ते झोपेतले. एकटा असेन आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं काम असेल तर मी आजही रेल्वेच घेतो. सगळं कुटुंब, सामान आणि लग्नाचं घर असेल तर समृद्धी. दुखणं-खुपणं, परीक्षा, एका दिवसात परत यायचं, अशा वेळी विमान. डिसेंबरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे नागपूरची तिकिटं महागतात, तेव्हा तर हा विचार करायलाच हवा.

मागून पुढे मोजा

हिशोब कागदावर मांडताना सुरुवात शेवटापासून करा. समजा धरमपेठेत दुपारी २ ला पोचायलाच हवं. टॅक्सी आणि बॅगेचे ५५ मिनिटं वजा केले की विमान १.०५ ला जागेवर हवं. त्यात अर्ध्या तासाची सैल बाजू ठेवा (पावसाळ्यात तासाची), म्हणजे छापील पोचण्याची वेळ १२.३५. मग सुटण्याची वेळ ११ च्या आसपास, विमानतळावर ९, घरातून सव्वासात. आता या वेळेचं किंवा त्याआधीचं विमान शोधा. उलट केलं, म्हणजे आधी स्वस्त तिकीट आणि मग वेळेचा विचार, तर त्या सैल बाजूलाच कात्री लागते.

पुढे परदेशी जायचं असेल तर

नागपूरहून मुंबईमार्गे लंडन, असे प्रवास आता घरोघरी आहेत. मुलं तिकडे, आई-वडील इकडे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार. हा बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. मुंबईहून दुपारी १ ला निघून दहा तास उडालात तर आपल्या घड्याळात रात्रीचे ११, लंडनमध्ये जानेवारीत संध्याकाळचे ५.३० आणि जुलैत ६.३०. पोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ सरळ वजा करू नका. दोन्ही वेळा आधी भारतीय घड्याळात आणा.

काही वेळा मार्गच बदलतो. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. नकाशावरचं अंतर तेच राहिलं, वेळ वाढला. म्हणून लांबच्या प्रवासाला गेल्या आठवड्यातल्या प्रत्यक्ष उड्डाणाची वेळ बघणं अधिक गरजेचं.

जोडविमान असेल तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर घ्या. वेगळी घेतली आणि नागपूरचं विमान उशिरा आलं, तर पुढचं चुकल्याची जबाबदारी आपल्यावर येते. वेगळीच घ्यावी लागली तर मधे पाच-सहा तास ठेवा: बॅग घ्यायची, कदाचित टर्मिनल बदलायचं आणि आंतरराष्ट्रीय विमानाच्या तीन तास आधी हजर व्हायचं.

आणि मध्यरात्रीचं विमान. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००.४० असेल तर घरातून निघायचं ते १४ तारखेच्या संध्याकाळी. माझ्या एका नातेवाइकांनी १५ च्या रात्री टॅक्सी बोलावली होती, विमान जाऊन जवळजवळ दिवस झाला होता. तिकीट आलं की त्याच क्षणी वहीत लिहा: घरातून निघायचा वार, तारीख, वेळ. आईच्या फ्रिजवर मी अशीच चिठ्ठी लावतो आणि तिच्यात विमानाची वेळ लिहीतच नाही. फक्त ती घरातून कधी निघणार आणि मी तिच्या दारात कधी येणार, एवढंच.